विश्लेषण : अंत्यविधीच्या प्रवचनात ‘देवाची इच्छा’ किती सांगायची?

ख्रिस्ती दफनविधीत धर्मगुरूंनी काय बोलावं याचे नियम आहेत. बायबलमध्ये रडण्याला आणि देवाला जाब विचारण्यालाही जागा आहे. मग प्रत्यक्ष प्रवचनांत ती का दिसत नाही?

निधनाची बातमी हल्ली आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. नाव, वय, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’, दफनविधीची वेळ, चर्चचं नाव. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि पाठोपाठ वचनांची कार्डं सुरू होतात. मागे मावळता सूर्य किंवा पांढरं कबुतर, त्यावर बायबलमधली एखादी ओळ. त्यात एक वचन हमखास असतं, यिर्मयाच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं अकरावं. देवाच्या मनात तुमच्याविषयी ज्या योजना आहेत त्या भल्याच्याच आहेत, असा त्याचा आशय. परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरी गेल्यावर, लग्नाच्या वाढदिवसाला आणि मयतालाही हे वचन चालतं. पुष्कळदा काही तासांनी तेच प्रवचनातही ऐकू येतं. पहिल्या बाकावर नवरा गमावलेली तरुण बाई बसलेली असते. तिने त्यातून काय समजायचं? दोन लहान मुलं मागे ठेवून त्याने जाणं, हीच ती भली योजना?

हे वचन मुळात कुणाला सांगितलं होतं, ते पाहिलं तर अडचण आणखी वाढते. बाबेलच्या राजाने यरुशलेमच्या लोकांना कैद करून नेलं होतं. इसवी सनापूर्वी ५९७ची ही गोष्ट. त्या निर्वासितांना यिर्मया पत्र लिहितो. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणतो, नाही होणार. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, कारण मुक्काम सत्तर वर्षांचा आहे. ‘भल्याच्या योजना’ येतात त्या या सत्तर वर्षांच्या उल्लेखानंतर, अगदी पुढच्याच वचनात. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना घर पुन्हा दिसणार नव्हतं. स्वस्त दिलासा देणाऱ्यांच्या विरोधात लिहिलेल्या पत्रातली एक ओळ आज स्वस्त दिलासा म्हणून फिरते आहे. कार्डावर एका ओळीपुरतीच जागा असते, दहावं वचन त्यावर मावत नाही.

प्रश्न एका कार्डाचा असता तर सोडून देता आला असता. पण अंत्यविधीचं प्रवचन हा ख्रिस्ती समाजात धर्मग्रंथ आणि रोजचं जगणं थेट समोरासमोर येण्याचा प्रसंग आहे. रविवारी चर्चला न फिरकणारे त्या दिवशी येतात. शेजारचे हिंदू, मुस्लीम, कंपनीतले सहकारी मागच्या बाकांवर बसलेले असतात. त्यातल्या अनेकांनी आयुष्यात ऐकलेलं हे एकमेव ख्रिस्ती प्रवचन असतं.

नियम काय सांगतो?

कॅथलिक चर्चचा नियम या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. अंत्यविधीच्या मिस्सामध्ये छोटं प्रवचन असावं, पण मृताचं कोणत्याही स्वरूपाचं गौरवभाषण त्यात नसावं, असं मिस्साविधीच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. प्रवचन वाचलेल्या शास्त्रपाठावर असावं, देवाची करुणा आणि येशूचं मरण-पुनरुत्थान यावर असावं. कुटुंबातलं कुणी आठवणीचे दोन शब्द बोलणार असेल, तर त्याची जागा कम्युनियननंतर, शेवटच्या निरोपाआधी.

वरवर पाहता नियम कोरडा वाटतो. एखाद्या शिक्षिकेने चाळीस वर्षं गावाला शिकवलं आणि तिच्या मयताच्या प्रवचनात तिचं कौतुक नाही? पण त्यामागचं कारण माणुसकीचं आहे. गौरवभाषण ठेवलं की मोजमाप आलं. विश्वस्त, नगरसेवक, शाळेचे मुख्याध्यापक यांच्याबद्दल बोलायला वीस मिनिटं पुरत नाहीत. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बाईबद्दल किंवा दारूत गेलेल्या माणसाबद्दल मग काय बोलायचं? सफेद कापड जसं शिसवी शवपेटीवर आणि साध्या लाकडी पेटीवर सारखंच पडतं, तसंच प्रवचनही सगळ्यांना सारखं असावं, हा त्यातला विचार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवर जो दस्तऐवज काढला, त्यात उपासनेत व्यक्तींना किंवा वर्गांना खास मान देऊ नये, असंही म्हटलेलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वाद अनोळखी नाही. दशक्रियेला प्रवचनकार बोलावण्याची प्रथा पुणे, अहिल्यानगर भागात घट्ट रुजलेली आहे. तिथे प्रवचन बाजूला राहून पुढाऱ्यांच्या श्रद्धांजलीचीच लांबड लागते, ही तक्रारही जुनी आहे. घाटावर उन्हात ताटकळलेल्या पाहुण्यांना कॅथलिक नियम एकदम पटेल.

त्याच परिषदेने अंत्यविधीचा एकूण सूरही बदलला. मृत्यूकडे पुनरुत्थानाच्या बाजूने पाहिलं जावं, हे विधीत अधिक स्पष्ट दिसावं, असा आदेश निघाला आणि १९६९ मध्ये नवा विधी आला. न्यायाच्या भयंकर दिवसाचं वर्णन करणारं ‘दिएस इरे’ हे लॅटिन गीत अंत्यविधीच्या मिस्सातून गेलं. काळ्या पोशाखाची सक्ती गेली, जांभळा आणि पांढराही चालू लागला. लॅटिनच्या जागी लोकांची भाषा आली. वसईच्या गावांत मराठी मिस्सा ऐकत वाढलेल्या पिढीला आजी-आजोबांच्या काळी दफनाची प्रार्थना लॅटिनमध्ये होत असे, याचं आता नवल वाटतं.

यातून एक नकळत झालेला तोटाही आहे. भय गेलं ते बरंच झालं. पण त्याबरोबर विलापही पातळ झाला. आशा सांगायची म्हणजे दुःख लवकर आवरायचं, असा अर्थ अनेक प्रवचनांत शिरला. ‘रडू नका, ते देवाच्या घरी गेले आहेत’ हे वाक्य शवपेटी अजून बंद व्हायची असताना ऐकू येतं.

प्रॉटेस्टंट चर्चमध्ये काय होतं?

तिथली अडचण वेगळी आहे. मृतांसाठी प्रार्थना करायची नाही, ही धर्मसुधारणेपासूनची भूमिका. मग अंत्यविधीचं सगळं बोलणं जिवंतांकडे वळतं. जर्मनीतल्या लूथरन परंपरेत दफनाची प्रवचनं छापण्याची मोठी चाल होती. स्वतः मार्टिन लूथरने १५२५ मध्ये सॅक्सनीचा राजा-निर्वाचक फ्रेडरिक याच्या अंत्यविधीत प्रवचन दिलं. उलट इंग्लंडमधल्या प्युरिटनांना मयताच्या सोहळ्यांचाच संशय. १६४५च्या वेस्टमिन्स्टर उपासना-निर्देशिकेने देह कोणत्याही समारंभाविना पुरावा, असं सांगितलं. अहमदनगरमध्ये १८३१ पासून काम करणारं अमेरिकन मराठी मिशन याच प्युरिटन वळणाच्या मंडळ्यांतून आलेलं होतं.

मराठी मातीत मात्र त्या कोरडेपणाचा निभाव लागला नाही. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग ख्रिस्ती उपासनेत आणले. आज मराठी मंडळ्यांत मयताच्या घरी ‘उपासना संगीत’ उघडलं जातं आणि पेटी-तबल्यावर गाणं सुरू होतं. जे काम प्रवचनाला जमत नाही, ते पुष्कळदा हे गाणं करून जातं.

पाळकाच्या संदेशाला मात्र एक मोह असतो. एवढे लोक एकत्र, तेही मृत्यूसमोर हादरलेले. मग ‘आज रात्री तुमचा नंबर लागला तर तुम्ही कुठे जाल?’ असा प्रश्न येतो. संदेशाचा निम्मा वेळ उपस्थितांच्या तारणावर जातो आणि घरचे लोक आपल्याच माणसाच्या दफनात प्रेक्षक होऊन बसतात. मृत्यूची आठवण करून देणं हे प्रवचनाचं काम आहेच. पण ज्यांच्या घरात ती आठवण पेटीत ठेवलेली आहे, त्यांना ती पुन्हा करून देण्याची गरज नसते.

ईयोबचे मित्र कुठे चुकले?

‘देवाने दिलं, देवाने नेलं’ या अर्थाचं वचन अंत्यविधीत सर्वाधिक वापरलं जात असेल. ते ईयोबाच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातलं आहे. संपत्ती गेली, दहा मुलं एका दिवसात गेली, तेव्हा ईयोब ते उच्चारतो. पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो आणि पुढे पानोपानी देवाला कोर्टात खेचण्याची भाषा करतो. प्रवचनं बहुधा पहिल्या अध्यायावरच थांबतात.

त्याचे तीन मित्र येतात, तेव्हा आधी फार शहाण्यासारखं वागतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी एक शब्द बोलत नाही. नंतर तोंड उघडतात आणि तिथे बिघडतं. देव न्यायी आहे, विनाकारण काही घडत नाही, तुझ्याकडूनच काही चुकलं असेल, देव मारतो तसाच बरंही करतो. वाक्यं सुटी घेतली तर त्यातली बरीच धार्मिकच आहेत. एखाद्या कार्डावर छापली तर कुणी हरकत घेणार नाही. पण शेवटच्या अध्यायात देव या मित्रांवर संतापतो. माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा निवाडा देतो. भांडणारा बरोबर ठरतो आणि देवाची वकिली करणारे चूक.

‘देवाची इच्छा’ या शब्दांच्या बाजूनेही बोलता येतं, आणि ते टाळता कामा नये. अनेक श्रद्धाळू माणसं याच शब्दांना धरून उभी राहतात. मुलगा गेल्यावर आई म्हणते, ‘देवाची मर्जी.’ मराठीत तर निधनाला ‘देवाज्ञा झाली’ म्हणण्याची सर्वधर्मीय रीत आहे. कुणाचा हा आधार काढून घेण्याचा अधिकार कुणाला? कुणालाच नाही. मुद्दा वाक्य कोण बोलतं याचा आहे. मुलं गमावलेल्या बापाने ते म्हटलं तर ती त्याची श्रद्धा. मुलं घरी सुखरूप असलेल्या माणसाने ते त्याला सांगितलं तर तो ईयोबाचा मित्र झाला. धर्मगुरूंनी व्यासपीठावरून बोलताना आपण या दोघांपैकी कोण आहोत, हे ध्यानात ठेवणं अवघड नाही.

दोन बहिणी, एकच वाक्य

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय हा दफनविधीतला नेहमीचा पाठ. लाजर मरतो, येशू चार दिवस उशिरा पोहोचतो. मार्था वाटेतच गाठून म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते. तीही तंतोतंत हेच म्हणते.

उत्तरं मात्र वेगळी मिळतात. मार्थाशी येशू पुनरुत्थानाबद्दल बोलतो, ख्रिस्ती श्रद्धेतलं एक अत्यंत मोठं विधान तिच्यापुढे ठेवतो. मरियेला तो सिद्धांत सांगत नाही. तिला आणि तिच्याबरोबरच्यांना रडताना पाहून तो व्याकूळ होतो, विचारतो, त्याला कुठे ठेवलंय, आणि स्वतः रडतो. आपण लाजरला उठवणार आहोत हे ठाऊक असताना रडतो. पुनरुत्थानावर विश्वास असेल तर रडायचं कशाला, या प्रश्नाची इथे दखलही घेतलेली नाही.

कॅथलिक अंत्यविधीच्या पाठसंग्रहात हा अध्याय दोन वेगळ्या पर्यायांत विभागलेला आहे. एकात मार्थेचा संवाद, दुसऱ्यात मरियेचं रडणं आणि लाजरचं बाहेर येणं. पहिला वाचला की येशूचे अश्रू त्या दिवशीच्या वाचनात येतच नाहीत. प्रवचनातही मग तो भाग सुटतो.

पौलाच्या वाक्याचंही असंच होतं. थेस्सलनीकाच्या मंडळीला साधारण इसवी सन ५०च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. वाक्याचा अर्धा भाग गळाला की उरतं ‘शोक करू नये’. मूळ वाक्य शोकावर बंदी घालत नाही, शोकाचा प्रकार सांगतं.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांत विलापाची स्तोत्रं हा सर्वांत मोठा गट आहे. त्यातली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८वं वळत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ज्यांनी धर्मग्रंथ जुळवला त्यांनी ते काढलं नाही, त्याला शेवट जोडला नाही. अंत्यविधीत वाचलं जातं ते बहुधा २३वं, मेंढपाळाचं. तेही गोड म्हणून वाचलं जातं, पण त्यात एक बारकावा आहे जो मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त ठसतो. पहिल्या तीन वचनांत परमेश्वर ‘तो’ आहे, तो नेतो, तो चालवतो. चौथ्या वचनात मृत्यूच्या सावलीची दरी येते आणि सर्वनाम बदलतं. तिथून तो ‘तू’ होतो. हिरव्या कुरणात देवाबद्दल बोललं जातं, दरीत देवाशी बोललं जातं. स्पष्टीकरण दरीतही दिलेलं नाही.

जिथे शब्द जिव्हारी लागतात

काही मरणांत प्रवचनाचं एक वाक्य घराला वर्षानुवर्षं पुरतं, चांगल्या किंवा वाईट अर्थाने. आत्महत्या हे त्यातलं पहिलं. १९१७च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या केलेल्याला, पश्चात्तापाची खूण नसेल तर, चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३च्या नव्या संहितेतल्या निषिद्धांच्या यादीत आत्महत्या नाही. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात गंभीर मानसिक विकार, तीव्र भय किंवा यातना यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, असं मान्य केलं आहे, आणि अशा व्यक्तींच्या तारणाबाबत निराश होऊ नये, असं सांगितलं आहे. नियम बदलून चार दशकं झाली, तरी गावात कुजबुज जुन्याच नियमाची असते. चर्चची आजची शिकवण काय आहे, हे त्या दिवशी प्रवचनात स्वच्छ शब्दांत सांगितलं नाही, तर घरच्यांपर्यंत कुजबुजच पोहोचते.

दुसरं, बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ. अशी बाळं ‘लिंबो’त जातात, ही कल्पना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, पण चर्चने तिला कधी श्रद्धासिद्धांताचा दर्जा दिला नाही. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाच्या दस्तऐवजाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर आधार आहेत, असं म्हटलं. आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा इरादा असेल तर त्या बाळाला चर्चचा अंत्यविधी मिळू शकतो, ही तरतूद १९८३च्या संहितेतच आहे. तरी ‘देवाला आपल्या बागेत एक कळी हवी होती’ असलं वाक्य आईला ऐकवलं जातं. ते बायबलमध्ये कुठेही नाही. ज्या देवाला तिची कळी हवी झाली, त्या देवाकडे तिने पुढे प्रार्थना कशी करायची, याचा विचार बोलणाऱ्याने केलेला नसतो.

फिलिपिन्समधलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. नोव्हेंबर २०१३च्या हैयान चक्रीवादळात ताक्लोबान शहर उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे गेले. भर पावसात पिवळा रेनकोट घालून मिस्सा करताना त्यांनी तयार प्रवचन बाजूला ठेवलं. तुमच्यातले अनेक जण देवाला ‘का’ विचारत आहेत, तुम्हाला काय सांगावं हे मला कळत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. मग क्रूसावरच्या येशूकडे आणि त्याच्यापाशी उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवलं. जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चच्या प्रमुखाला ‘कळत नाही’ म्हणता येतं, तर ते पॅरिशमध्येही म्हणता यावं.

मराठीत हे आधीच आहे

यासाठी शब्द बाहेरून आणावे लागणार नाहीत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. हे भाषांतर हाती असतानाच १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या, आणि बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. विलापगीतं आणि ईयोब मराठीत आणणाऱ्या बाईला त्यांचा अर्थ कोशात शोधावा लागला नसणार. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी वाचणाऱ्या कुणालाही हे सगळं पुस्तक अख्खं उपलब्ध आहे, एकेका ओळीत नव्हे.

वेळेची अडचण खरी आहे. नातेवाईक परदेशातून यायचे नसतील तर दफन बहुधा चोवीस तासांत उरकतं. धर्मगुरूंकडे त्याच दिवशी लग्न, शाळेची बैठक आणि आणखी एक मयत असू शकतं. म्हणून ठरलेलं प्रवचन, फक्त नाव बदलून, पुन्हा दिलं जातं. पण सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं, असं कुठे लिहिलेलं नाही. कॅथलिक घरांत महिन्याची मिस्सा असते, वर्षाची असते, २ नोव्हेंबरला कबरी फुलांनी भरतात. प्रॉटेस्टंट घरांत सांत्वनाच्या प्रार्थना आणि स्मरणसभा असतात. पुनरुत्थानाची सविस्तर मांडणी त्या दिवसांसाठी ठेवता येते. तोवर गर्दी ओसरलेली असते, कार्डं थांबलेली असतात आणि घरातल्यांना ऐकू येऊ लागलेलं असतं.

पहिल्या दिवसापुरतं एक काम मात्र होऊ शकतं. पाठ निवडताना कुटुंबाची इच्छा विचारात घ्यावी, ही मुभा कॅथलिक विधीत आहे. फार थोड्या ठिकाणी तसं विचारलं जातं. पेटी, गाडी, खड्डा, बँड यांच्या फोनाफोनीत घरच्या एखाद्या मुलीला ती यादी दाखवायला पाच मिनिटं लागतील. लाजरचे दोन्ही पाठ त्यात आहेत.